बाळाबाईच्या विहिरीतलं पाखरू

मच्छे गावात बाळाबाईचं आणि कावळ्यांचं वैर सगळ्यांना ठाऊक होतं. परड्यात कावळा उतरला की ती हाताला लागेल ते भिरकावायची. केरसुणी, शेणाची बुट्टी, काहीच नसलं तर नवऱ्याचं पायताण. "माझं एक पायताण पायात असतंय आन् एक शेजाऱ्याच्या परड्यात," असं तिचा नवरा भावकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आणि हीच बाई दर अमावास्येला सकाळी न्हाऊन भात शिजवायची, त्यावर दही घालायची, पान परड्याच्या भिंतीवर ठेवायची आणि उंबऱ्यात बसून त्याच कावळ्यांची वाट बघायची. महिनाभर जोडे खाल्लेले कावळे एका दिवसापुरते पंगतीला कसे येतील? ते लांब आंब्यावर बसून मान वाकडी करून बघायचे. ऊन वर आलं, भात वाळला, की ती पान उचलून गाईपुढे टाकायची आणि त्या दिवशी कुणाशी बोलायची नाही.

गाव एरवी कुणाची टिंगल सोडणारं नव्हे. पण या गोष्टीला हसायची कुणाची छाती नव्हती, कारण त्यामागे शामू होता.

शामू तिचा एकुलता एक. त्याच्या आधीची दोन मुलं नाव ठेवायच्या आत गेली होती, म्हणून हा जगला तेव्हा तिनं त्याला पदराआड नुसतं झाकून ठेवलं. बाई बोलायला फटकळ, नाकावर राग, पण शामूच्या बाबतीत लोण्याहून मऊ. त्याची एक खोड तिला फार आवडायची. तो झोपताना दोन्ही पाय पोटाशी घ्यायचा, मान वळवायचा आणि तोंड काखेत खुपसायचा. "खुडूक कोंबडी बसली बगा माझी," असं म्हणत ती त्याच्यावर गोधडी ओढायची. चांगली मिसरूड फुटली तरी पोरगं तसंच झोपायचं.

पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी बेळगावात पलटणीची भरती निघाली. पिरनवाडीचा यल्लाप्पा निघाला, त्याच्या नादानं शामूही निघाला. त्याची उंची बघूनच घेतलं म्हणे. जहाजात बसून दोघं समुद्रापार, इराकातल्या बसऱ्याकडे गेले. वर्ष-दीड वर्षानं यल्लाप्पा एकटा परत आला, एक पाय ओढत. आल्या आल्या तो घरी न जाता बाळाबाईच्या दारात आला. एवढं त्यानं केलं, याबद्दल तिनं त्याला पुढे जन्मभर दिवाळीचा फराळ पोचवला.

"आक्का, लढाईत पडला. माझ्या हातावर गेला," तो म्हणाला.

"कुठं ठेवलासा त्येला?"

"तिथंच. नदीच्या कडंला वाळूत."

"खोल न्हवं?"

यल्लाप्पा खाली बघायला लागला. मग म्हणाला, "घाईत हुतो, आक्का. वरनं गोळ्या येऊलालत्या. हातानंच वाळू ओढली."

रडणं-भेकणं सगळं पुढे झालं. पण त्या क्षणी तिच्या काळजात जे रुतून बसलं ते मरण नव्हतं, ती हातानं ओढलेली वाळू होती. वारा सुटला की वाळू उडते. कोल्ही येतात, कुत्री येतात. माझ्या शामूची हाडं कुठं कुठं गेली असतील, एक इथं तर एक तिथं, या विचारानं तिचा घास तोंडातच फिरायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते खरं आहे. भावकूनंही पोर गमावलं होतं, पण तो निदान झोपायचा.

खानापूरला मलप्रभेच्या काठावर त्याचं क्रियाकर्म केलं. अस्थी नव्हत्या, म्हणून भटजींनी दर्भाचा पुतळा केला. पिंड ठेवला. कावळे समोर झाडावर होते, एक खालीही आला, पिंडाभोवती दोन उड्या मारल्या आणि उडून गेला. भावकूनं हात जोडून जे जे कबूल करता येईल ते केलं. बाळाबाईनं तर, "तुझ्या आईला बी घिऊन जा, पर शिव," असं म्हटलं. कावळा काही शिवला नाही. ऊन डोक्यावर आल्यावर भटजींनी रिवाजाप्रमाणे दर्भाचाच कावळा केला आणि पिंडाला लावला.

"गवताच्या पोराला गवताचा कावळा शिवला," ती घरी येताना एवढंच म्हणाली. वैर तिथून सुरू झालं.

पुढे काही वर्षांनी भावकूनं खालच्या शेतात विहीर पाडायला काढली. पोरगं गेल्यावर या माणसानं कशातच मन घातलं नव्हतं, आणि आता एकदम विहिरीचं खूळ घेतलं, म्हणून बाळाबाईला बरंच वाटलं. काम रवळूकडे दिलं. रवळू म्हणजे त्या बाजूचा विहिरींचा जाणता गडी. तोंडात सदा तंबाखू आणि बोलणं मोजून-मापून. उन्हाळ्यात काम सुरू झालं. वर तांबडी माती लागली, मग जांभा लागला, तो फोडून खाली गेल्यावर राखेच्या रंगाची मऊ, गुळगुळीत माती लागली. अशी माती रवळूनंही कधी बघितली नव्हती. तिसऱ्या प्रहरी त्याची कुदळ कशावर तरी खणकन वाजली आणि तो आतूनच ओरडला, "मामा, ह्ये काय हाय वो?"

ते हाड होतं. पण दगडाचं. दोघांना उचलेना. त्याच्या खाली आणखी हाडं, आणि त्याला लागून एक पाऊल. तीन बोटांचं, पुढं नख्या, अगदी कोंबडीच्या पायासारखं, फक्त हे पाऊल सुपात मावलं नसतं.

दिवस मावळायच्या आत सगळं गाव विहिरीच्या तोंडाशी. आपल्याकडे एक वेळ विहिरीला पाणी कमी लागेल, सल्ल्याला तोटा नाही. कुणी म्हणालं राक्षस आहे. कुणी म्हणालं, राक्षसाला नख्या असतात हे खरं, पण तो असा कोंबडीवाणी पाय दुमडून कशाला मरेल? तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं छातीवर हात मारून सांगितलं, की हा गंडभेरुंड. देवळाच्या खांबावर कोरतात तो दोन डोक्यांचा पक्षी. झालं. लोकांनी हात जोडले, एकीनं कुंकू आणलं, आणि दुसऱ्या दिवशी रवळूला सगळ्यांनी मिळून दुसरं डोकं शोधायला लावलं. सकाळपासून उकरून त्याला एकच डोकं सापडलं. लांबट, वाफ्यातल्या दोडक्याएवढ्या लांब जबड्याचं. तेव्हा म्हातारा म्हणाला, दुसरं रवळूनंच कुदळीनं मोडलं असणार. उचलली जीभ लावली टाळ्याला!

पण रवळूनं कुदळ बाजूला ठेवली ती ठेवलीच. त्यांच्या कामात एक नेम होता. विहीर खणताना कुणाची हाडं निघाली, तर ती नीट मार्गाला लावल्याशिवाय पुढचा घाव घालायचा नाही. "हाडाचं पाणी कोण पिणार, मामा? उद्या घरात कोण खोकलं तरी माझ्या नावानं खडं फोडशीला," तो म्हणाला. भावकू हिरमुसून बांधावर बसून राहिला.

बाळाबाई तोवर तिकडे फिरकली नव्हती. माणसं गर्दी करतात तिथं जायचं नाही, हा तिचा शामू गेल्यापासूनचा नेम. माणसं पांगल्यावर ती शेतात आली, पदर खोचला आणि रवळूनं कोरलेल्या पायऱ्यांवर पाय देत खाली उतरली. "अगं, पडशील," असं भावकू वरून म्हणेपर्यंत ती तळाला होती.

रवळूनं माती हातानं बाजूला केली होती. बाळाबाईनं बघितलं आणि ती तिथंच उकिडवी बसली. दोन्ही पाय पोटाखाली घेतलेले. लांब मान मागं वळवलेली. आणि ते लांबट तोंड पुढच्या हातासारख्या हाडाच्या आत, काखेत खुपसलेलं. उभं राहिलं असतं तर बैलाच्या वशिंडावरून पलीकडं बघितलं असतं, एवढं मोठं जनावर. पण निजलं होतं ते तान्ह्या लेकरासारखं.

ती किती वेळ बसली कुणास ठाऊक. वर आली ती डोळे पुसत आली. म्हणाली, "ह्येला कुणी न्हाय. ह्येचं आपण करायचं."

"काय करायचं?" भावकूला कळेना.

"क्रियाकर्म. हाडं नदीला न्हायची. आपल्या रानात निघालंय, म्हंजे आपल्या घरचंच न्हवं?" मग ती हळू म्हणाली, "आपल्या शामूचं तिकडं कुणीतरी करंल."

भावकू उठला. त्यानं मुंडाशाच्या टोकानं नाक पुसलं आणि गाडी बघायला गेला.

मध्ये परशराम मास्तर आडवे आले. हे गावच्या शाळेचे मास्तर, गरीब माणूस, पण वर्तमानपत्र वाचणारा. त्यांनी पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्रोफेसरांना कार्ड टाकलं होतं. ते बाळाबाईला म्हणाले, "बाळाक्का, अशी हाडं म्हंजे लई दुर्मीळ. जाणती माणसं येऊन बघू देत. तोपर्यंत हात लावू नका."

ती थांबली. खोटं का बोला, चांगले आठ-दहा दिवस थांबली. रोज खाली उतरून त्या हाडांवर ओलं गोणपाट घालायची, ऊन लागेल म्हणून. पण पुण्याहून कुणी येईना, आणि पावसाळ्याआधी विहीर बांधून झाली नाही तर सगळी माती आत ढासळणार, म्हणून भावकूचा जीव टांगणीला. शेवटी ती मास्तरांना म्हणाली, "जाणती माणसं वाट बगायला लावत्यात, मास्तर. मेलेल्यानं किती थांबायचं?" आणि रवळूला हाक मारली.

भटजींनी आधी आढेवेढे घेतले. "पाखराचं श्राद्ध कुठल्या पोथीत आहे, बाई?"

"पोथीत नसंल तर तुमच्या पोटात असंल की. माझ्या पोराच्या वेळी गवताचा कावळा कसा काढलासा?"

भटजींनी उपरणं सावरलं. मग त्यांनाच काही वाटलं असेल, मऊ आवाजात म्हणाले, "गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात. सगळी प्रजा कश्यपाचीच, पाखरंसुद्धा. नाव काय घेऊ?"

"पाखरू म्हणा. आन् घर इचारलं तर आमचं सांगा."

पहिल्या दिवशी पाय, पावलं आणि शेपटाची हाडं निघाली. मान आणि डोकं घट्ट मातीत होतं, ते दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं. बाळाबाईनं जुन्या लुगड्याचे तुकडे करून एकेक हाड गुंडाळलं, गाडीत गवतावर ठेवलं. खानापूरला मलप्रभेच्या त्याच काठावर पिंड ठेवला, हाडं पाण्यात सोडली. आणि काय सांगावं, भटजींचे मंत्र अर्ध्यावर होते तोच एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडावर चोच मारून उडाला. "आपल्या जातीचं बगून आला गा!" कुणीतरी म्हणालं, आणि बिचारे लोक हसले.

बाळाबाई हसली नाही. तिला त्या पाखराचं बरं वाटलं, खरंच वाटलं, आणि त्याच वेळी गाडीच्या साट्याला धरून ती हमसाहमशी रडली. ह्या परक्याला एका झटक्यात सुटका, आणि माझं लेकरू अजून वाळूत विखुरलेलं. परतीच्या वाटेवर तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवळू मानेच्या हाडाला हात घालणार, एवढ्यात देसूर स्टेशनाकडून एक माणूस धोतर सावरत, जवळजवळ पळतच आला. मागून मास्तर धापा टाकत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसं झालं, फक्त फांदी आदल्या दिवशीच मोडली होती. हे आप्पाण्णा मगदूम. पुण्याला प्रोफेसर होते, पण मूळचे निपाणीचे, जैन घरातले. चाळिशीच्या आतबाहेरचे असतील. कार्ड त्यांना उशिरा मिळालं होतं. ते कुणाशी न बोलता विहिरीत उतरले.

वर लोक कुजबुजत होते. आता सायेब भडकणार, पोलीस बोलावणार. भावकूचा चेहरा उतरला. बऱ्याच वेळानं आप्पाण्णा वर आले. हात, गुडघे राखाडी मातीनं भरलेले. ते बांधावर बसले आणि म्हणाले, "पाणी द्या जरा."

बाळाबाईनं तांब्या दिला. ते पाणी प्याले आणि विचारलं, "पाय कुठं आहेत?"

"नदीत," ती म्हणाली. तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, शामूचं मात्र सांगितलं नाही.

आप्पाण्णांनी डोळे मिटून घेतले. या घडीला त्यांनी आरडाओरडा केला असता तरी चाललं असतं. असं काही जमिनीतून निघेल म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य डोंगर-ओढे तुडवले होते, आणि ते निघालं तर अर्धं पाण्यात गेलेलं. पण डोळे उघडल्यावर ते निपाणीच्याच बोलीत म्हणाले, "आक्का, उरलेलं तरी मला देशीला?"

"न्हाय," ती म्हणाली. "अर्धं नदीत आन् अर्धं तुमच्या कपाटात? त्येचा जीव कुठं जाईल? दोन्हीकडं लोंबकळत ऱ्हाईल."

"आमच्यात जीव थांबत न्हाय, आक्का. कुडी सोडली की लगेच दुसरीकडं जन्म. हाडांपाशी कोण बसून ऱ्हात न्हाय."

"तुमच्यात नसंल. आमच्यात ऱ्हातोय."

आप्पाण्णा गालातल्या गालात हसले. वाद घालायचा नाही, हे त्यांना कळलं. मग त्यांनी तिला त्या जनावराबद्दल सांगितलं, मुलाला गोष्ट सांगावी तसं. हा पक्षी नव्हे, पक्ष्यासारखा. इंग्रजीत ह्यांना डायनासोर म्हणतात. सुसर, पाल, कोंबडी ह्यांच्याच जुन्या भावकीतला. माणूस नावाचा प्राणी जन्माला यायच्या कितीतरी आधीचा. म्हणून त्याचं करणारं कुणी असणारच नव्हतं. एखाद्या ओढ्याच्या काठाला निजला असेल. वरून गाळ आला, धूळ आली. झोपेतच गेला.

"मग ह्येला पुरलं कुणी?"

"कुणी न्हाय. मातीनंच."

"आन् हाडं इखुरली न्हाईत?"

"बगितलीसा की तुमी. बोटाचं नखसुदिक जाग्यावर हाय. कशी झोपली हुती तशीच."

बाळाबाई खाली बघून गवताची काडी मोडत होती. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ही माती मऊ, म्हणून राहिली असंल. वाळूत ऱ्हात न्हाईत न्हवं?"

आप्पाण्णांना काय ठाऊक? ते आपल्या विषयात रंगले होते. "वाळूत? वाळूत तर लई चांगली ऱ्हात्यात, आक्का. तिकडं वाळवंटात वाळूतनं अशी हाडं निघाल्यात, अंड्यासकट. वाळू कोरडी. काय सुदिक कुजू देत न्हाय."

"खोल नसलं तरी? नुसतं हातानं ओढून झाकलं असलं तरी?"

आता ते थबकले. तिच्या तोंडाकडे बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी मान खाली घातली. सगळं कळलं नसेल, पण काय विचारलं जातंय एवढं त्यांना कळलं.

"ते जागा बघून," ते सावकाश म्हणाले. "मी छातीठोक सांगणार न्हाय. पर वारा वाळू न्हेतोय तसा आणतोय बी. उघडं पडलेलं परत झाकतोय. आई रात्रीत उठून लेकराची सरकलेली गोधडी परत घालती, तसं. लई हाडं अशीच राहिल्यात बगा."

बाळाबाई तशीच बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, आवाज न करता. भावकू जवळ येऊन बसला. इतक्या वर्षांत चारचौघांत त्यानं कधी तिला हात लावला नव्हता. आज त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं ती उठली, नाक शिंकरलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडली, "रवळू! गाडी जुंप. नदीला जायाचं हाय."

गावात खळबळ उडाली. सोडलेल्या अस्थी परत आणायच्या? असं कुणी केलेलं नव्हतं, ऐकलेलंही नव्हतं. भटजी रस्त्यात आडवे आले. "बाई, नदीला दिलेलं परत घेत नसतात."

"नदीला इचारून घेती," ती म्हणाली आणि गाडीत चढून बसली.

उन्हाळ्याची मलप्रभा गुडघाभर होती. हाडं दगडाची, ती वाहून कुठं जाणार? सोडली तिथंच तळाच्या वाळूत बसली होती. बाळाबाईनं काठावर नारळ फोडला, ओंजळभर पाणी घेतलं. "आई, माझं चुकलं. निजलेल्याला मी उठवून आणलं. परत न्हेते, राग धरू नगंस," असं म्हणून ती पाण्यात शिरली. पायांनी चाचपत तिनं पहिलं पाऊल शोधलं. तळाची वाळू त्या तीन बोटांवर एका रात्रीत चढली होती. तिनं ती लगेच बाजूला केली नाही, थोडा वेळ तिच्यावर हात ठेवून वाकून राहिली. मग काठावर उभे असलेले आप्पाण्णा धोतर खोचून पाण्यात उतरले आणि दोघांनी मिळून ते पाऊल वर काढलं.

अर्धं इकडं, अर्धं तिकडं नको म्हणून बाळाबाईनं सगळीच हाडं आप्पाण्णांना दिली; खोकी देसूरहून आगगाडीनं पुण्याला जायची होती. पेंढा भरला, हाडं भरली. डोकं भरायच्या वेळी बाळाबाई घरात गेली आणि एक गोधडी घेऊन आली. विरलेली, कडेला तांबडी पट्टी असलेली. ती कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं, कारण इतक्या वर्षांत तिनं ती कुणाला अंगावर घेऊ दिली नव्हती. तिनं स्वतः त्यात ते लांबट डोकं गुंडाळलं.

"एक वचन द्या, लेकरा," ती आप्पाण्णांना म्हणाली. "तिकडं न्हिऊन ह्येला तारंनं बांधून हुबं करू नगा. जसं निजलं हुतं तसंच ठेवा. पाय पोटाशी, तोंड काखंत."

"तसंच ठेवतो, आक्का," आप्पाण्णा म्हणाले, आणि तिच्या पाया पडले. आपल्याच मातीत असा एक माणूस भेटावा, याचं त्यांना त्या हाडांइतकंच अप्रूप वाटलं असेल.

त्या खोक्यांचं पुढे काय झालं ते मच्छ्यात कुणाला कळलं नाही. आप्पाण्णा दोन-तीनदा येऊन गेले, मग पुण्यातच वारल्याचं मास्तरांकडून समजलं. विहीर रवळूनं थोडी सरकवून पाडली, तिला गोडं पाणी लागलं. पाखराच्या जागेचा खड्डा बाळाबाईनं मातीनं भरू दिला नाही. ओढ्याची वाळू आणून भरायला लावली.

खोकी गेली त्याच्या पुढच्या अमावास्येला तिनं नेहमीसारखा भात शिजवला, दही घातलं, पान भिंतीवर ठेवलं. आंब्यावरचे कावळे मान वाकडी करून बघायला लागले. भावकू सवयीनं आपली पायताणं उचलून घरात घेऊन आला. पण बाळाबाई उंबऱ्यात बसली नाही. तिनं टोपली घेतली आणि कोंबड्या सोडायला खुराड्याकडे निघाली.

"अगं, बगत न्हाईस व्हय? शिवतोय का न्हाय ते?" भावकू म्हणाला.

मागं भिंतीवर पंख फडफडल्याचा आवाज आला. बाळाबाईनं वळून बघितलं नाही.

"काय बगायचं? भूक असंल तर खाईल कावळा," ती म्हणाली. "शामू निजलाय. निजू दे त्येला."